रुमालाखालचा सौदा

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. वैजापूर तालुक्यात दुपारपासून आभाळ दाटून आलं होतं. वेचणीचा कापूस अजून बोंडात होता आणि ज्याच्या त्याच्या तोंडी अवकाळीची धास्ती. तशातही आम्ही चार-पाच जण मोबाईलकडे डोळे लावून बसलो होतो. आयपीएलच्या दहा संघांनी पुढच्या हंगामासाठी कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं, याच्या याद्या त्या संध्याकाळी येणार होत्या. याद्या आल्या. गुजरात टायटन्सने ठेवलेल्या खेळाडूंत हार्दिक पांड्याचं नाव होतं. दोन-तीन दिवस चाललेली कुजबुज खोटी ठरली असं म्हणत सगळे पांगले. मी जेवायला बसलो आणि फोन वाजला. हार्दिक मुंबईत आला होता. सोमवारी त्यावर अधिकृत शिक्का बसला.

संध्याकाळी एका घरच्या यादीत असलेला माणूस रात्री दुसऱ्या घरचा कसा होतो, हे उलगडायला मला पुढे बरेच महिने लागले. त्या महिन्यांत मी जे वाचलं, पाहिलं, लोकांशी बोललो आणि स्वतःच्या मनाशी भांडलो, ते इथे मांडतो आहे.

मराठवाड्याचा आयपीएलमध्ये संघ नाही. पुण्याचे दोन झाले आणि दोन्ही गेले. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३ टिकला, रायझिंग पुणे २०१६ आणि २०१७ अशी दोनच वर्षं. त्यामुळे आमच्याकडे कोणी धोनीसाठी चेन्नईचा, कोणी कोहलीसाठी बंगळूरचा. मी मुंबईचा झालो तो झहीर खानमुळे. वैजापूरहून दक्षिणेला निघालं आणि गोदावरी ओलांडली की श्रीरामपूर. झहीर तिथला. नदी मधे आहे, जिल्हा वेगळा आहे, पण सराला बेटाच्या सप्ताहाला दोन्ही काठांची माणसं एकाच पंगतीत बसतात. त्यामुळे झहीर आमचाच. २००८ साली, आयपीएलच्या पहिल्या हंगामात, हा आमचा माणूस बंगळूरकडून खेळला आणि आम्हाला ते कसंनुसं वाटत राहिलं. पुढच्या वर्षी संघांना आपसात खेळाडू बदलायची मुभा पहिल्यांदा मिळाली. झहीर मुंबईत आला आणि त्याच्या बदल्यात रॉबिन उथप्पा बंगळूरला गेला. त्याच वेळी मुंबईचा आशिष नेहरा दिल्लीला आणि दिल्लीचा शिखर धवन मुंबईला, अशीही अदलाबदल झाली. म्हणजे ज्या ट्रेडवर मी २०२३ मध्ये जेवण टाकून उठलो, त्याच प्रकारच्या ट्रेडने मला मुंबईचा चाहता केलं होतं.

त्या वेळी मी उथप्पाचा विचार केला नव्हता. पुढे बऱ्याच वर्षांनी त्यानेच सांगितलं की त्याचं मन पूर्णपणे मुंबईत होतं, तो बदल त्याला नको होता आणि नंतरचा काळ त्याला नैराश्याचा गेला. हे ऐकलं त्या दिवशी मला झहीरच्या येण्याचा आनंद पहिल्यांदा थोडा जड वाटला.

ट्रेड हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आला, आणि तिकडे त्याचं खरं माहेर बेसबॉल. हंगाम संपला, थंडी पडली, की बेसबॉलच्या संघांत देवाणघेवाण सुरू होते आणि चाहते महिनोन्महिने तिच्यावर वाद घालतात. बोस्टन रेड सॉक्सने डिसेंबर १९१९ मध्ये बेब रूथ नावाचा खेळाडू न्यूयॉर्क यांकीजला विकला. रूथ पुढे त्या खेळातला सर्वांत मोठा माणूस झाला. १९१८ मध्ये अजिंक्य ठरलेल्या बोस्टनला पुढचं अजिंक्यपद थेट २००४ मध्ये मिळालं. ८६ वर्षं! त्यात किती पिढ्यांनी आपल्या पोरांना तो सौदा सांगितला असेल. मात्र मला रूथपेक्षा कर्ट फ्लड जवळचा वाटतो. सेंट लुईस कार्डिनल्सकडे बारा हंगाम खेळलेला हा गडी. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला कळवण्यात आलं की तुला फिलाडेल्फियाला दिलं आहे. त्याने जायला नकार दिला. माणूस म्हणजे मालमत्ता नव्हे, या मुद्द्यावर तो न्यायालयात गेला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्दही आटोपली होती. पण त्याने उचललेला प्रश्न काही मिटला नाही. १९७५ मध्ये लवादाने खेळाडूंना मोकळं होण्याची वाट करून दिली, आणि त्याआधीच दहा वर्षं खेळलेल्या, त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारण्याचा हक्कही मिळाला.

आयपीएलमध्ये खेळाडूची संमती लागते. हे चांगलं आहे, आणि फ्लडच्या लढाईनंतर जगातल्या कुठल्याही नव्या स्पर्धेने निदान एवढं करायलाच हवं होतं. पण उलट बाजूही आहे. २०१० मध्ये रवींद्र जडेजावर एका हंगामाची बंदी आली, कारण राजस्थानशी नव्याने करार न करता त्याने दुसरीकडे परस्पर बोलणी केल्याचा ठपका होता. संघाने संघाशी बोललं तर तो ट्रेड, खेळाडू स्वतः बोलला तर शिस्तभंग. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्या शिक्षेबद्दल माझ्या मनातली अढी अजून गेलेली नाही.

आमच्या भागात खरेदी-विक्रीच्या दोन रीती प्रत्येकाला ठाऊक आहेत. एक बाजार समितीतली. कांद्याची ट्रॉली रांगेत लागते, व्यापारी भोवती जमतात, बोली मोठ्याने होते. शेतकरी तिथेच उभा असतो. भाव पडला तर तो डोळ्यांदेखत पडतो. दुसरी रीत बैलबाजारातली. लासूर स्टेशनच्या बाजारात वडिलांबरोबर मी लहानपणी जायचो. तिथे दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचे हात रुमालाखाली घ्यायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळायचं नाही. चेहरे तर दगडासारखे. रुमाल बाजूला झाला की कळायचं, बैल गेला. किती रुपयांना, ते दोघांनाच ठाऊक.

आयपीएलचा लिलाव बाजार समितीसारखा आहे. हातोडा, फलक, आकडा, सगळं टीव्हीवर. ट्रेड मात्र रुमालाखालचा. हार्दिकसाठी मुंबईने जो १५ कोटींचा पगार अंगावर घेतला तो सर्वांना कळला, पण एका संघाने दुसऱ्याला वर काय दिलं, तो आकडा उघड करायचं बंधन नाही. पैसे भरायला थैलीत जागा हवी म्हणून मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला त्याच्या १७.५ कोटींसह बंगळूरला दिलं. याच ग्रीनने त्याच वर्षी २१ मे रोजी वानखेडेवर हैदराबादविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद शतक ठोकून मुंबईला बाद फेरीच्या दारात उभं केलं होतं. तो दिवस आम्ही विसरलो नव्हतो. पण ग्रीनला निरोप द्यायलाही कोणाला सवड झाली नाही. हिशेबाच्या एका ओळीत तो आला होता, दुसऱ्या ओळीत गेला.

ट्रेड मुळातच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. १० नोव्हेंबर २०२०, दुबई. मुंबई आणि दिल्ली यांची अंतिम लढत. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर ट्रेंट बोल्टने मार्कस स्टॉइनिसला यष्टिरक्षक डी कॉककडे झेल द्यायला लावला. मग अजिंक्य रहाणे, तसाच, बोल्टचा चेंडू आणि डी कॉकचा झेल. मग जयंत यादवने शिखर धवनचा त्रिफळा उडवला. दिल्ली ३ बाद २२. आता ही नावं पुन्हा पाहा. बोल्ट दिल्लीनेच वर्षभरापूर्वी मुंबईला दिलेला. जयंत यादव २०१९ मध्ये दिल्लीनेच दिलेला. डी कॉक २०१८ च्या अखेरीस बंगळूरकडून ट्रेडने आलेला. रहाणे राजस्थानकडून ट्रेडने दिल्लीला गेलेला आणि धवन हैदराबादकडून ट्रेडने दिल्लीला गेलेला. तोच धवन, जो २००९ च्या त्या पहिल्या अदलाबदलीतही होता. दिल्लीचा कणा मोडला तो दिल्लीनेच हातचे सोडलेल्या दोन गोलंदाजांनी. बोल्ट ३० धावांत ३ बळी घेऊन सामनावीर झाला, मुंबईने पाचवं अजिंक्यपद घेतलं, आणि मी त्या रात्री ट्रेडला नावं ठेवली नाहीत.

रहाणेचं मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं, म्हणजे तोही आमच्या शेजारचाच. राजस्थानकडून तो कितीतरी वर्षं खेळला, कर्णधार झाला. २०१९ च्या हंगामाच्या मध्यात त्याचं कर्णधारपद गेलं आणि हंगामानंतर तो स्वतःच गेला. बदल्यात दोन फिरकीपटू आले. तेव्हा वाटलं होतं की हा आता संपला. २०२३ मध्ये चेन्नईने त्याला ५० लाखांच्या पायाभूत किमतीला घेतलं आणि त्याने अशी फटकेबाजी केली की आयुष्यभर संयमाचं नाव लागलेला माणूस हाच का, असं वाटावं. त्या वर्षी चेन्नई अजिंक्य झाली.

आणखी एक उदाहरण हवं तर धवनच्याच सौद्याचं घ्या. २०१८ च्या अखेरीस हैदराबादने धवन दिल्लीला दिला तेव्हा बदल्यात विजय शंकर, शाहबाज नदीम आणि अभिषेक शर्मा आले. तिसऱ्या नावाकडे तेव्हा कोणी पाहिलं? अठरा वर्षांचा पोरगा होता. १२ एप्रिल २०२५ रोजी त्याच अभिषेकने पंजाबविरुद्ध ५५ चेंडूंत १४१ धावा केल्या. बैल घेताना लोक दात मोजतात, चालवून बघतात; खोंडाच्या बाबतीत मात्र नजर लागते, आणि ती नजर खरी की खोटी ते कळायला पाच-सहा पावसाळे जावे लागतात.

तर मग हार्दिकच्या सौद्याने आम्ही एवढे का दुखावलो? हा प्रश्न मी वैजापूरच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीपासून रोटेगाव स्टेशनच्या बाकड्यापर्यंत अनेकांना विचारला. बहुतेकांनी पहिलं उत्तर हार्दिकच्या वागण्याचं दिलं. थोडं बोलतं केल्यावर सगळे मुंबईच्या तोवरच्या कर्णधारावर, रोहित शर्मावर आले.

१० लाख रुपयांना मुंबईने घेतलेला हार्दिक २०१५ मध्ये आला आणि चार अजिंक्यपदांत वाटेकरी झाला. २०२२ मध्ये गुजरातने त्याला १५ कोटींना घेऊन कर्णधार केलं. पहिल्याच वर्षी त्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं, अंतिम सामन्यात १७ धावांत ३ बळी घेऊन स्वतः सामनावीर ठरला. दुसऱ्या वर्षी उपविजेतेपद. वेगळा निघालेला धाकटा भाऊ स्वतःच्या हिमतीवर मोठा झाला, तर आपण त्याचं कौतुकच करतो. तो परत घरी आला, तर ओवाळतो. पण १५ डिसेंबर २०२३ ला मुंबई इंडियन्सने जाहीर केलं की आता कर्णधार हार्दिक असेल. २०१३, २०१५, २०१७, २०१९, २०२० अशी पाच अजिंक्यपदं ज्याने आणली, त्या थोरल्याच्या हातातला कासरा एका निवेदनाने काढला गेला. त्याच्या आधी महिनाही झाला नव्हता, १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत विश्वचषक हरल्यावर डोळ्यांतलं पाणी लपवत मैदानाबाहेर जाणारा रोहित आम्ही पाहिला होता.

ते दिवस आमच्यासाठी दुसऱ्या कारणानेही वाईट होते. ८ डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद झाली होती. आदल्या रात्री अधिसूचना निघाली आणि सकाळी ट्रॉल्या घेऊन आलेल्या माणसांना भाव कोसळलेला दिसला. कांदा आणि क्रिकेट यांची मी बरोबरी करत नाही. एकाने घर चालतं, दुसऱ्याने करमतं. पण बाजार समितीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव आणि आठवड्याने आमच्या टपरीवर रोहितची बातमी वाचणाऱ्या पोरांच्या चेहऱ्यावरचा भाव यांत मला साम्य दिसलं. निर्णय झालेला होता. आम्हाला तो फक्त कळवण्यात आला होता.

मुंबई इंडियन्सचा निर्णय क्रिकेटच्या दृष्टीने चूक होता का? रोहित छत्तिशीत होता, २०२१ पासून मुंबईला अजिंक्यपद नव्हतं, पुढच्या दहा वर्षांसाठी कोणीतरी हवं होतं. हे सगळं पटण्यासारखं आहे, आणि मला पटतंही. चूक होती ती सांगण्याच्या पद्धतीत. दहा वर्षं ज्याच्या नावाने लोकांनी रात्री जागवल्या, त्याने स्वतः सर्वांसमोर उभं राहून दोन शब्द बोलले असते, हार्दिकच्या खांद्यावर हात ठेवला असता, तर माझ्या मते पुढचं निम्मं वाईट टळलं असतं. बैल विकणारा शेतकरीसुद्धा कासरा हातात देताना नव्या धन्याला बैलाच्या खोडी सांगतो, कुंकू लावतो, पाठीवरून हात फिरवतो. त्या दोन मिनिटांना बाजारात किंमत नसते, पण ती कोणी टाळत नाही.

पुढे जे झालं ते देशाने पाहिलं. २४ मार्च २०२४ ला अहमदाबादेत मुंबईचा पहिला सामना. नाणेफेकीपासून हुर्यो. हार्दिकने बुमराऐवजी स्वतः पहिलं षटक टाकलं, रोहितला सीमारेषेवर पाठवलं, आणि मुंबई ६ धावांनी हरली. तीन दिवसांनी हैदराबादने २७७ धावांचा डोंगर रचला. १ एप्रिलला वानखेडेवर, स्वतःच्या घरी, पुन्हा हुर्यो. संजय मांजरेकरांना नाणेफेकीच्या वेळी प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. त्याच सामन्यात बोल्टने, होय त्याच बोल्टने, आता राजस्थानकडून खेळताना रोहितला पहिल्याच चेंडूवर बाद केलं. आणि पुढे सीमारेषेवर उभ्या रोहितने हाताने प्रेक्षकांना खुणावलं, की पुरे करा.

त्या रात्री मला लाज वाटली. आम्ही ज्याच्यासाठी ओरडत होतो, तोच आम्हाला गप्प करत होता. आमच्या घरातही टीव्हीपुढे हुर्यो झाली होती, माझ्या तोंडूनही. सौदा दोन संघांच्या मालकांनी केला. रुमालाखाली हात त्यांचे होते. शिव्या मात्र मैदानात उभ्या असलेल्या एकट्या माणसाला. कर्ट फ्लडच्या काळापासून हे असंच चाललं आहे. मालक दिसत नाही, खेळाडू दिसतो, म्हणून राग खेळाडूवर निघतो. मुंबई त्या वर्षी १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला, दहाव्या क्रमांकावर गेली.

माझा पुतण्या तेव्हा अकरा वर्षांचा होता. मार्चमध्ये हट्टाने त्याने पाठीवर हार्दिक ३३ असं छापलेला निळा टीशर्ट घेतला होता. दुकानदार त्याला म्हणाला होता की नुसता नंबर टाकू, नाव बदलत राहतं. पोराने नावच हवं म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये शाळेतली पोरं चिडवायला लागली तसा तो टीशर्ट कपाटाच्या तळाशी गेला. आम्ही कोणी त्याला काही बोललो नाही. खरं तर बोलायला हवं होतं.

२९ जून २०२४. बार्बाडोस. ट्वेंटी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या, क्लासेन पुढे ५२ वर पोचला. हार्दिकने आपल्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर त्याला पंतच्या हाती झेलबाद केलं. शेवटच्या षटकात १६ हव्या होत्या, आणि रोहितने चेंडू दिला तो हार्दिककडे. पहिला चेंडू, मिलरचा उंच फटका, आणि सीमारेषेवर सूर्यकुमारचा तो झेल. भारत ७ धावांनी जिंकला. हार्दिकच्या नावावर २० धावांत ३ बळी. तो गुडघ्यावर बसून रडत होता. टीव्हीवर रोहित त्याच्याकडे गेलेला दिसला तेव्हा आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. वडील, ज्यांना क्रिकेटचं फारसं वेड नाही, तेही उठून उभे राहिले होते.

४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली आणि वानखेडेवर हजारो गळ्यांतून हार्दिकच्या नावाचा गजर झाला. तीन महिन्यांपूर्वी याच मैदानात काय झालं होतं ते सर्वांना आठवत असणार. पुढच्या हंगामासाठी मुंबईने बुमरा, सूर्यकुमार, हार्दिक, रोहित आणि तिलक वर्मा या पाचांना ठेवलं. हार्दिक १६.३५ कोटी, रोहित १६.३० कोटी. थोरला आणि धाकटा एकाच दावणीला राहिले, आणि २०२५ मध्ये संघ अंतिम फेरीच्या एक पाऊल अलीकडे येऊन थांबला.

दिवाळीच्या आगेमागे पुन्हा याद्यांचे दिवस येतात. कुजबुज त्याआधीच सुरू होते. मला अशा दिवसांत मरीन ड्राइव्हच्या मिरवणुकीपेक्षा तिच्या आदल्या रविवारची सकाळ जास्त आठवते. ३० जून. रात्री उशिरा झोपलेलं घर अजून उठायचं होतं. चांगला पाऊस होऊन गेला होता, शेतात मका टोकायची राहिली होती. मी ओट्यावर आलो तर पुतण्या माझ्याआधी उठून बियाण्याची पिशवी घेऊन निघालेला. अंगात निळा टीशर्ट, कपाटात दाबून ठेवल्याने चुण्या पडलेला. पाठीवरच्या ३३ मधला एक ३ थोडा उचकटला होता. बांधावर पोचेपर्यंत तो दर चार पावलांना हात मागे नेऊन ते टोक दाबून चिकटवत होता.